करड्या ढगांपुढे लहान ड्रोन नजरेत कसा ठेवावा?

प्रश्न
माझा २४९ ग्रॅमचा, फिकट करड्या रंगाचा ड्रोन मी गावाबाहेरच्या माळावर केवळ हौसेखातर उडवतो. पावसाळी ढगांपुढे तो ८०-९० मीटरवर गेला की दिसेनासा होतो आणि दिसला तरी त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे उमगत नाही. गेल्या रविवारी तो माझ्याकडे येत आहे असे समजून मी तो थेट बाभळींत नेला. मोबाइलच्या पडद्यावर विसंबून राहणे मला पटत नाही. केशरी टेप लावावा की दिवा?

उत्तर १
रंगाच्या आधी पार्श्वभूमीचा विचार करावा. वर उडणाऱ्या ड्रोनची आपल्याला दिसते ती खालची, सावलीतली बाजू. तिला कितीही भडक केशरी रंग दिला तरी लांबून ती मळकटच भासते. शिवाय २५ सेंटिमीटरची वस्तू १०० मीटरवर पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान दिसते आणि एवढ्याशा ठिपक्याचा रंग डोळ्याला नीट ओळखता येत नाही. उजळ आकाशापुढे काळाच रंग उठून दिसतो. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांनी हे अनुभवले असेल. ड्रोन डोंगराच्या किंवा झाडीच्या पुढून खालून जात असेल, तर मात्र फ्लोरोसंट केशरी उत्तम. म्हणून मी पोटाला काळा, बिनचमकीचा टेप आणि पाठीला केशरी टेप लावतो. पात्यांना काहीही चिकटवू नये, कारण तोल बिघडून कंप सुरू होतो. खालचे सेन्सर आणि हवेची भोकेही मोकळी ठेवावीत.

उत्तर २
वजनाकडे दुर्लक्ष करू नका. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात मोडतो आणि हे वजन त्याच्यावर लादलेल्या वस्तूंसह धरले जाते. पाच ग्रॅमचा दिवा लावताच तुमचा ड्रोन ‘मायक्रो’ ठरेल आणि नॅनोला असलेली त्रयस्थ विम्याची सूट राहणार नाही. पुढेमागे जड ड्रोन घेतलात, तर लुकलुकणारा पांढरा दिवा जरूर लावा, आणि विमानाप्रमाणे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा ठेवल्यास संधिप्रकाशात दिशाही कळते. भर दुपारी मात्र लहान दिव्यांचा उपयोग फारच थोडा होतो.

उत्तर ३
डोळ्यांचाही भाग आहे. मोकळ्या आकाशात नजर टेकवायला काही नसले की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि समोर असलेला ठिपकाही निसटतो. अशा वेळी आधी लांबच्या डोंगराच्या कडेवर नजर स्थिर करावी आणि मगच आकाशात शोधावे. दिशा कळेनाशी झाल्यास ड्रोन जागीच तरंगत ठेवून पुढे नेण्याची दांडी किंचित ढकलावी; तो ज्या बाजूला सरकेल, तिकडे त्याचे तोंड आहे असे समजावे. शक्य असल्यास केवळ ड्रोनवर लक्ष ठेवणारा एक सोबती बरोबर असावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सराफाच्या काट्यावर ड्रोन बॅटरीसह २४८.६ ग्रॅम भरला आणि पोटाचा काळा टेप ०.९ ग्रॅम, म्हणून पाठीचा केशरी टेप सोडून दिला. काल ढगाळ हवेतही तो सुमारे १२० मीटर अंतरापर्यंत नजरेत राहिला. तोंडाची दिशा मात्र ७० मीटरपलीकडे अजूनही कळत नाही. तेथे दांडी ढकलून पाहण्याचाच सराव करत आहे.