पाडलेल्या स्लॅबची खडी: 'उष्टी' म्हणणाऱ्यांनी आधी कोड वाचा

गंगापूररोडकर:
काल इथे एकाने लिहिलं, 'रिसायकल खडी म्हणजे उष्टं जेवण, बिल्डर आपल्या घरात राडारोडा भरणार.' वाचून डोकं फिरलं. काँक्रीटच्या खडीचा भारतीय मानक कोड आयएस ३८३, त्याने २०१६ मध्येच मुभा दिलीय. सळईच्या कामात एकूण खडीच्या २० टक्के, तेही एम-२५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). बिनसळईच्या कामात २५ टक्के. एम-१५ च्या खालच्या काँक्रीटला पूर्ण शंभर टक्के अशी खडी चालते. नाशिकजवळच्या सारूळचे डोंगर फोडून आणलेली तेवढी सोवळी का?

सातपूर_सेंटरिंग:
कोड आम्हीही वाचतो, साहेब. जुन्या खडीला चिकटलेला सिमेंटचा मसाला पाणी पितो, ते साइटवर कळतं. अंबडला एका शेडच्या कोब्याला घालून पाहिली. अर्ध्या तासात माल घमेल्यातून सुटेना. माझी पाठ वळताच मुकादमाने मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडला. एम-२० चा चाचणीचा क्यूब २० ऐवजी १४ च्या ताकदीलाच फुटला.

गंगापूररोडकर:
खडी आदल्या रात्री भिजवली होती?

सातपूर_सेंटरिंग:
टँकर तुम्ही पाठवणार होता?

गंगापूररोडकर:
म्हणजे नाही भिजवली. मग दोष पाइपच्या जादा पाण्याचा, खडीच्या माथी कशाला मारता?

पंचवटीचा_बापू:
खडीचं राहू द्या. आपल्या नाशिकच्या नंदिनी नदीच्या काठावर रात्री डंपर कोण रिकामे करतं ते बोला. २००८ च्या पुरात माझ्या दुकानात गुडघाभर गाळ होता. आता पात्रातच विटा, टाइल्स, कमोडसुद्धा!

सिडको_फ्लॅट७:
बापू, डंपर हप्त्याशिवाय फिरतो का?

पंचवटीचा_बापू:
तेच तर! मी नंबर लिहून तक्रार दिली. 'हद्द आमची नाही' म्हणाले. हद्द पाण्याला विचारायची का?

सातपूर_सेंटरिंग:
प्रत्येक धाग्यात तुमची नंदिनी. विषय काय, तुमचं काय!

पंचवटीचा_बापू:
तुमचाच डबर असेल, म्हणून झोंबतंय.

सातपूर_सेंटरिंग:
तोंड सांभाळून. माझ्या साइटचा डबर भरावाला जातो, पावत्या आहेत.

सिडको_फ्लॅट७:
भांडा नंतर. आमची बिल्डिंग पाडणार आहेत. त्यात विटा, प्लास्टर, पीओपी सगळं एकत्र. हेच दळून आमच्याच कॉलममध्ये?

गंगापूररोडकर:
नाही. सळईच्या कामात फक्त काँक्रीट फोडून काढलेली चालते. वीट-टाइलचा मिश्र माल कोडप्रमाणे एम-१५ च्या खालीच. पीओपी तर वेगळं काढायलाच हवं. त्यातलं सल्फेट सिमेंटशी भिडलं की काँक्रीट फुगून तडकतं.

सिडको_फ्लॅट७:
आणि वेगळं काढतं कोण? आमच्या शेजारच्या प्लॉटवर पोकलेनने तीन दिवसांत एकच ढीग केला.

गंगापूररोडकर:
हं. तिथे तुमचं खरं आहे.

सातपूर_सेंटरिंग:
चला, एवढं तरी कबूल केलंत, उपकार झाले. पार्किंगच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटला, भिजवून घालून बघेन. स्लॅबला नाही म्हणजे नाही.

पंचवटीचा_बापू:
डंपरचं कोणी बोलणारच नाही. बरं.