यांकीजच्या फर्स्ट बेसवर कोण? वॉकर, अलॉन्सो की घरचंच पोरगं?

एडिसनकर (१८ डिसेंबर २०२४)
आपल्या यांकीजचा (न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ) बॅटर सोटो ७६.५ कोटी डॉलर घेऊन गावातल्याच मेट्सकडे गेला, त्याचं सुतक फिटलं. पिचर (चेंडू टाकणारा) फ्रीड आला, काल बॅटर बेलिंजरही आला. आता भोक राहिलंय ते फर्स्ट बेसवर, म्हणजे पहिल्या बॅगवर उभं राहून थ्रो पकडणाऱ्याच्या जागी. तिथल्या रिझोला १.७ कोटी देऊन ठेवला नाही ते बरंच केलं. ९२ सामन्यांत ८ होमरन (क्रिकेटमधला षटकार म्हणा)! बाजारात वॉकर, अलॉन्सो, गोल्डश्मिट आणि सँटाना आहेत. माझं मत वॉकरला. सलग तीन गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), शिवाय तीन वर्षांत ३६, ३३, २६ होमरन, आणि हे २६ दुखापतीमुळे १३० च सामने खेळून.

माझा धाकटा लिटल लीगमध्ये फर्स्टला उभा राहतो. शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बॅगमधल्या फिल्डरचा) थ्रो पायापुढे टप्पा खाऊन येतो, पाय बॅगवरून हलवायचा नाही आणि ग्लोव्ह मातीतून वर ओढत चेंडू उचलायचा. दहातले सहा सुटतात. मोठ्यांच्यात ते सुटत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजची (अंतिम फेरीची) पाचवी मॅच ग्लोव्हमुळेच गेली ना?

क्वीन्सची सून
पाचव्या मॅचचं खापर फर्स्ट बेसमनवर फोडू नका हो. ५-० पुढे होतात. तुमच्या जजने सोपा झेल सोडला, व्होल्पेचा थर्डला थ्रो चुकला, तरी दोन आऊट झाले होते. मग डॉजर्सच्या बेट्सचा तो लोळत गेलेला चेंडू. रिझोने घेतला, पण बॅगवर यायला तुमचा पिचर कोलच नव्हता, तो लांबून बोट दाखवत उभा. तिथून ५-५. यात वॉकर असता तरी काय केलं असतं?

अलॉन्सो घ्या म्हणणार नाही, तो आमच्या मेट्सचा आहे. पण ३० वर्षांचा, यंदा १६२ पैकी १६२ सामने खेळलेला, सहा हंगामांत २२६ होमरन. मिलवॉकीत नवव्या इनिंगला त्यांच्या पिचर विल्यम्सला मारलेला तो तीन रनांचा शॉट तर आमच्याकडे अजून रोज लागतो. तो विल्यम्स आता तुमच्याकडे आला म्हणे, अभिनंदन. 😄

आकडेमोडे
ताई, अलॉन्सोचे होमरन ४६ वरून ३४ वर आलेत. ख्रिस डेव्हिस आठवतोय? तोही फर्स्ट बेसमन, त्याचाही सर्वोत्तम हंगाम ५३ होमरनचा, अलॉन्सोच्या पहिल्या वर्षासारखा. ओरिओल्सने २०१६ मध्ये तिशीच्या उंबऱ्यावर ७ वर्षं, १६.१ कोटी दिले. २०१८ ला बॅटिंग सरासरी .१६८, म्हणजे शंभर संधींत सतराच हिट! जड अंगाचे, फक्त ताकदीवर खेळणारे गडी एकदम ढासळतात.

आणि वॉकरवाल्यांनो, मार्चमध्ये तो ३४ चा होतोय. तुम्ही गेल्या तीन वर्षांचे गोल्ड ग्लोव्ह बघून पुढच्या तीन वर्षांचे पैसे देणार.

क्वीन्सची सून
डेव्हिस २०१५ मध्ये २०८ वेळा स्ट्राइक-आऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता. अलॉन्सो यंदा १७२. तुलना करायची तर नीट करा.

ब्रॉन्क्सचा बंड्या
कुणीच नको! आपल्याच बेन राइसला खेळवा. डावखुरा आहे, फटके उजवीकडे जातात, आपल्या उजव्या कोपऱ्यातली भिंत ३१४ फुटांवर, ती काय शोभेला ठेवलीय? ६ जुलैला बॉस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये तीन होमरन, यांकीजच्या कुठल्या नवख्याने आधी मारले होते सांगा. अलॉन्सो, वॉकर दोघंही उजवे, त्यांना त्या भिंतीचा काय उपयोग?

एडिसनकर
बंड्या, ते तीन वजा करून राइसचं काय उरतं तेही लिही की. ५० सामने, .१७१.

कोलचं मान्य, ताई. ते उदाहरण मी चुकीचं दिलं. पण फिरकी घेतलेल्या त्या चेंडूसाठी रिझो मागे थांबला, पुढे घुसला नाही, हेही बघा. पुढे घुसून स्वतःच बॅगवर धावणारा गडी मला हवाय.

आकडेमोडे
पैशाचं कुणी बोलतच नाही. २०२५ च्या हंगामात खेळाडूंच्या पगाराचा खर्च ३०.१ कोटी डॉलरच्या वर गेला की यांकीजना वरच्या प्रत्येक डॉलरवर १.१० डॉलर कर. म्हणजे २ कोटींचा वॉकर ४.२ कोटींना पडतो. शिवाय त्याने जुन्या क्लबची क्वालिफायिंग ऑफर (एका वर्षाचा ठरीव करार) नाकारलीय, त्यामुळे त्याला घेणाऱ्याचे ड्राफ्टचे पिकही (नवी पोरं निवडायचे हक्क) जाणार. फ्रीडसाठी आधीच गेलेत. गोल्डश्मिटवर ही भानगड नाही. ३७ चा आहे, यंदा .२४५, पण २०२२ चा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू). एका वर्षाचा करार, फसला तर ऑक्टोबरात रामराम. सँटानाही तसाच, ३८ व्या वर्षी पहिला गोल्ड ग्लोव्ह, २३ होमरन, दोन्ही हातांनी मारतो.

फर्स्ट स्लिप
मी क्रिकेटवाला, मध्येच तोंड घालतो. ज्या डॉजर्सनी हरवलं त्यांचा फर्स्ट बेसमन फ्रीमनच सिरीजचा एमव्हीपी होता ना? त्याला ६ वर्षं, १६.२ कोटी दिलेत. मग स्वस्तातला म्हातारा शोधायची एवढी हौस का?

आकडेमोडे
कारण फ्रीमन बाजारात नाहीये, साहेब.

एडिसनकर (२० डिसेंबर)
मिटलं. वॉकर ह्यूस्टनला. ३ वर्षं, ६ कोटी. त्यांच्या डाव्या कोपऱ्यातली भिंत ३१५ फुटांवर, उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठीच बांधलेली. जायचं तर गेला कुठे, नेमका आपल्या वैरी ॲस्ट्रोजकडे (ह्यूस्टनचा संघ).

ब्रॉन्क्सचा बंड्या
राइस! राइस! राइस!

आकडेमोडे
गोल्डश्मिटचं वय आता कुणी काढायचं नाही, मी आधीच सांगतो.