मोफत परिसंवाद, २०० खुर्च्या: नोंदणी आणि प्रसिद्धीसाठी मदत हवी आहे

एकदिवसीय परिसंवाद आहे, सहा आठवड्यांनी. सभागृहात २०० खुर्च्या, प्रवेश मोफत, नावनोंदणी सक्तीची. हाताशी पाच स्वयंसेवक. सध्या नावं व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि ईमेलवर येताहेत, कोणाकडे किती झाली याचा मेळ लागत नाही. गूगल फॉर्म केला तर २०० भरल्यावर काय करायचं? पोस्टरवर क्यूआर द्यायचाय, त्यात काय सांभाळावं? आणि कुठल्या जाहिरातीतून किती माणसं आली हे कळायचा काही सोपा मार्ग? विकतचं सॉफ्टवेअर नको.

प्रतिसाद १

गूगल फॉर्म पुरेसा आहे, फक्त बाकीचे रस्ते बंद करा. फोनवर आलेलं नावही स्वयंसेवकाने लगेच त्याच फॉर्ममध्ये भरायचं. 'वहीत लिहून ठेवतो, रात्री चढवतो' इथेच घोळ सुरू होतो.

प्रश्न चारच ठेवा: नाव, मोबाइल, ईमेल, कुठून कळलं. फाइल अपलोडचा प्रश्न नको, त्याला गूगल लॉगिन लागतं आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. 'एकच प्रतिसाद' ही मर्यादाही लॉगिन मागते. ती न लावता दुबार नावं गूगल शीटमध्ये (फॉर्मचे प्रतिसाद जमा होतात ती तक्त्याची फाइल) मोबाइल नंबरावर काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारा फॉर्म्युला) लावून शोधा.

ज्या पानावर प्रतिसाद येतात तिथे स्वतःचे फॉर्म्युले घालू नका. नवा प्रतिसाद नवी ओळ घेऊन येतो, फॉर्म्युला वरच राहतो आणि बेरीज चुकतेय हे फार उशिरा कळतं. दुसऱ्या पानावर क्वेरीने (एका पानावरची माहिती दुसऱ्यावर आणणारा फॉर्म्युला) यादी ओढा. पण 'रद्द', 'हजर' असे शेरे त्या क्वेरीशेजारी हाताने लिहू नका. यादीचा क्रम हलला की एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावापुढे जातो. शेऱ्यांसाठी यादीची 'फक्त व्हॅल्यू' कॉपी (फॉर्म्युल्याशिवाय, नुसता मजकूर) घ्यायची.

कुठल्या जाहिरातीतून किती माणसं आली, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही फॉर्ममध्येच आहे. मेन्यूत प्री-फिल्ड लिंकचा पर्याय मिळेल. 'कुठून कळलं' मध्ये 'पोस्टर' निवडून एक लिंक, 'व्हॉट्सअ‍ॅप' निवडून दुसरी, 'ईमेल'ची तिसरी. ज्या माध्यमात जी लिंक टाकाल तिचं उत्तर आधीच भरलेलं येईल.

प्रतिसाद २

क्यूआरबद्दल. फॉर्मची लिंक थेट क्यूआरमध्ये घालू नका. फॉर्म बदलावा लागला तर छापलेली सगळी पोस्टरं वाया. मधे एक साधं माहितीचं पान ठेवा (गूगल साइट्सवर होतं), क्यूआर त्या पानाचा आणि पानावर फॉर्मची लिंक. 'मोफत डायनॅमिक क्यूआर' (त्या साइटमार्फत पुढे पाठवणारा, नंतर लिंक बदलता येणारा कोड) देणाऱ्या काही साइट्स चाचणीची मुदत संपली की कोड बंद करतात. तुमचं पान तुमच्या हातात असेल तर साधा स्टॅटिक कोडच (ज्यात लिंक थेट असते) बरा, तो कधी संपत नाही.

आकाराचा ढोबळ हिशोब असा: स्कॅन करायचं अंतर भागिले दहा. दीड मीटरवरून स्कॅन व्हायला हवा असेल तर कोड १५ सेंटिमीटरचा. भोवती कोडातल्या चार बारीक चौकटींच्या रुंदीइतकी कोरी जागा सोडा. डिझायनर नेमकी तीच खातात! गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड छान दिसतो, पण काही फोन तो वाचत नाहीत. मधे बोधचिन्ह बसवायचं असेल तर कोड बनवताना एरर करेक्शन (कोडचा काही भाग झाकला तरी वाचता यावा यासाठीची सोय) 'एच' या सर्वात वरच्या पातळीवर ठेवा. त्यात कोडचा सुमारे ३० टक्के भाग झाकला गेला तरी चालतो, मात्र चौकटी बारीक होतात. छपाईआधी एक प्रत साध्या प्रिंटरवर काढून दोन-तीन वेगळ्या फोनवर तपासा.

पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, बारीक मजकूर फाटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि लिंक निरोपातही टाका. फोनवरच पोस्टर पाहणारा त्याच फोनने क्यूआर कसा स्कॅन करणार?

प्रतिसाद ३

२०० झाले की फॉर्म बंद करू नका. फुकट नाव देणाऱ्याला न येणंही फुकटच असतं. पुढची नावं प्रतीक्षायादीत घ्या आणि तसं फॉर्मच्या शीर्षकातच लिहा. तीन दिवस आधी 'येणार / नाही' विचारा. नकार येतील तितक्या प्रतीक्षेतल्यांना त्याच दिवशी कळवा.

हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टने (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा जातो) पाठवणार असाल तर दोन गोष्टी. एका यादीत २५६ च नंबर बसतात. आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. म्हणून फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या संदेशातच 'हा नंबर सेव्ह करा' असं लिहा. ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

धागाकर्ता

फारच उपयोगी, आभार. न येणारे गृहीत धरून सरळ २५० जणांना होकार दिला तर?

प्रतिसाद ४

देऊ नका. सगळे आले तर जादा खुर्च्या जाण्यायेण्याच्या वाटेत येतात, आणि सभागृहाची क्षमता आग लागल्यास बाहेर पडण्याचा विचार करूनही ठरलेली असते. प्रतीक्षायादीच बरी.

दाराचाही हिशोब करा. यादीत नाव शोधून खूण करायला माणशी २० सेकंद धरली तर एका टेबलावरून मिनिटाला तिघं. १५० जण शेवटच्या २० मिनिटांत आले तर तेवढ्या वेळात एका टेबलावर ६० जणच होतात, म्हणजे तीन टेबलं हवीतच. यादी आडनावाच्या अक्षरावरून तोडा आणि पाट्या डोक्याच्या वर लावा. टेबलावर चिकटवलेली पाटी रांगेतल्या दुसऱ्याच माणसामुळे झाकते.

यादी छापूनही ठेवा, सभागृहात नेट मिळेलच असं नाही. शीटमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी नावांचा कचरा दिसू शकतो. डेटा मेन्यूतून आयात करा, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा आणि मोबाइलचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं. त्यापेक्षा शीटमधून एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाइल) डाउनलोड केली तर अक्षरांची ही कटकटच नाही.