जुन्या रेड (RAID) कार्डावर कॅशकेड पाहिजे, पण अॅक्टिव्हेशन की नाहीये

प्रश्न:
सेकंडहँड सर्व्हर घेतलाय, त्यात मेगारेड ९२७१-८आय कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं रेड कार्ड), सहा डिस्कची रेड ६ केलीये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो. डेटाबेसची बारीकसारीक रीड सुरू झाली की सगळं रांगायला लागतं. १ टीबीच्या दोन एसएसडी पडून आहेत म्हणून म्हटलं कॅशकेड लावू (कार्डाची सोय, एसएसडीला डिस्कपुढची वेगवान कॅश बनवते), तर ते अॅक्टिव्हेशन की मागतंय. नेटवर एक जण पॅच केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) देतोय, त्याने कीशिवाय कॅशकेड उघडतं म्हणे. कार्ड माझं, चिप तीच, मग ही चोरी कशी?

उत्तर १:
कार्ड तुझं, फर्मवेअर तुझं नाही रे, ते फक्त वापरायची परवानगी असते आणि त्या परवानगीत कॅशकेड नाहीये. मित्राची की पण चालणार नाही, ती कार्डाच्या सेफ आयडीला, म्हणजे त्या एकाच कार्डाच्या ओळख क्रमांकाला बांधलेली असते. आधी कार्ड नीट बघ, छोटीशी हार्डवेअर की पिनांवर बसवलेली असते, जुन्या मालकाने ठेवली असेल तर नशीब.

उत्तर २:
चोरी बाजूला ठेव, मी भोगलंय ते सांगतो. आमच्याकडे आधीच्या अॅडमिनने असंच उघडून ठेवलं होतं, राइट कॅश चालू (लिहिलेलं आधी एसएसडीवर, मग सवडीने डिस्कवर), कुणाला पत्ता नाही. कार्ड मेलं, नवीन साधं कार्ड लावलं, ते कॅश ओळखेचना. डिस्कवर न उतरलेलं ताजं सगळं एसएसडीवरच अडकलेलं, व्हॉल्यूम वर आला पण डेटाबेसच्या आतली पानं फाटलेली. रात्रभर बॅकअपवरून रिस्टोर, आणि सपोर्टला फोन तरी कोणत्या तोंडाने करणार?

उत्तर ३:
मुळात कॅशकेडची मर्यादा ५१२ जीबी, तुझ्या एसएसडींची बरीचशी जागा वायाच. लिनक्स असेल तर एसएसडीची कॅश बनवणारे डीएम-कॅश आणि बीकॅश दोन्ही २०१३ पासून कर्नलमध्येच आहेत, फुकट. बीकॅशला डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते, एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटणारी सोय) आधीच असेल तर त्यातलं एलव्हीएमकॅश, जे डीएम-कॅशच वापरतं, चालू व्हॉल्यूमला जोडता येतं. राइटथ्रूच ठेव, म्हणजे लिहिलेलं लगेच डिस्कवरही जातं, एसएसडी गेली तरी डेटा डिस्कवर असतो. आणि एसएसडी कार्डाला नको, मदरबोर्डच्या साटा पोर्टला लाव. त्याआधी रॅम किती आहे ते बघ, बऱ्याचदा तिथेच दुखणं असतं.

प्रश्नकर्ता:
हार्डवेअर की नव्हती, पिना मोकळ्याच. एलव्हीएम होतंच, राइटथ्रू लावलं. पहिले दोन तास काही फरकच नाही, वाटलं उगाच केलं, मग कॅश भरत गेली तसे सकाळचे रिपोर्ट भराभर यायला लागले. रॅमचं बघतो.