रिअ‍ॅक्ट प्रोजेक्टमधल्या न वापरलेल्या फाइल्स कशा शोधायच्या? सल्ला हवाय

गंगापूररोडकर
मंडळी, द्राक्ष एक्स्पोर्टवाल्या क्लायंटचं पोर्टल आमच्याकडे आलंय, रिअ‍ॅक्ट आणि वेबपॅक (कोडच्या फाइल्स एकत्र बांधणारं टूल), जुनी टीम केव्हाच पांगली आणि सोर्स फोल्डरमध्ये हेडर, हेडर न्यू, हेडर फायनल असला सगळा पसारा, कुठली फाइल चालू आहे नि कुठली मेलेली काही पत्ता लागत नाही. एकेक नाव सर्च करत बसलो तर पुढचा सीझन उजाडेल. एखादं टूल आहे का? शिवाय बंडल (बांधून ब्राउझरकडे जाणारा कोड) हलकं व्हायला पाहिजे म्हणून साहेब मागे लागलेत.

सातपूरवाला
क्निप लाव भाऊ, स्पेलिंग के एन आय पी. एन्ट्री फाइलपासून, म्हणजे अ‍ॅप जिथून सुरू होतं तिथून, इम्पोर्ट धरत धरत जातं, जिथं पोचत नाही त्या फाइल्सची यादी देतं, वर बिनकामाचे एक्स्पोर्ट आणि पॅकेजेस पण दाखवतं. जुन्या लेखांत डेपचेक, अनइम्पोर्टेड, टीएस-प्रून ही जुनी टूल्स सापडतील, त्यांच्या नादी लागू नको, त्यांच्या रीडमीतच (माहितीच्या फाइलीत) आता क्निप वापरा म्हणून लिहिलंय. फक्त एन्ट्री सगळ्या दे, नाहीतर अर्धा प्रोजेक्ट मेलेला दाखवेल.

आणि साहेबांना आत्ताच सांगून ठेव, जी फाइल कोणी इम्पोर्टच करत नाही ती बंडलमध्ये मुळात जातच नाही, त्यामुळे ती उडवून साइज एक केबीनेही कमी होणार नाही. त्यासाठी बंडल अ‍ॅनालायझर लावून जड पॅकेजेस बघा.

गंगापूररोडकर
हे भारीये दादा. पण फोटो आणि एससीएसएस (स्टाइलच्या फाइल्स)? आणि वेबपॅकच्या स्टॅट्समधली (बिल्डच्या अहवालातली) मॉड्यूल्सची यादी गिटमधल्या फाइल्सशी ताडून पाहिली तर?

इंदिरानगरची
चालेल, फोटोंना तेच बरं, क्निप मुख्यतः जेएस-टीएससाठी (जावास्क्रिप्ट-टाइपस्क्रिप्ट) आहे. पण टाइपस्क्रिप्ट असेल तर नुसते टाइप्स असलेल्या फाइल्स बिल्डमध्ये गळून जातात, त्या यादीत दिसणार नाहीत म्हणून उडवशील आणि टाइपचेक बोंबलेल. उलट रिक्वायर कॉन्टेक्स्ट (फोल्डरातल्या फाइल्स नावाच्या पॅटर्नवरून घेणं) असेल तिथे वेबपॅक पॅटर्नमध्ये बसेल ते सगळंच ओढून घेतं, मग मेलेली फाइलपण जिवंत दिसते.

खरी भीती पब्लिक फोल्डरची, तिथले फोटो इम्पोर्ट न करता थेट पाथने वापरतात. तुमच्याकडे एपीआयवरून (सर्व्हरकडून) द्राक्षाच्या जातीचं नाव येत असणार, थॉमसन, शरद सीडलेस वगैरे, आणि कोडमध्ये त्याला डॉट जेपीजी चिकटवून फोटोचा पाथ बनत असणार. हे कुठल्याच टूलला कळत नाही. ईमेलमधल्या लोगोचंही तेच. तिथे सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (कुठली फाइल कधी मागवली त्याची नोंद) बघ, आणि तो सीझनमधला बघ, ऑगस्टमध्ये शिपमेंटची पानं कोण उघडतंय!

क्रोमच्या कव्हरेज टॅबवरून मात्र काही उडवू नकोस, त्या वेळी त्या पानावर जे चाललं तेवढंच तो सांगतो.

सातपूरवाला
+१. क्निपला फाइल्स स्वतःच उडवायचा फ्लॅगपण आहे, तो नको. वेगळी ब्रँच, एका फोल्डरला एक कमिट, दर वेळी बिल्ड.

गंगापूररोडकर
चालवलं. अ‍ॅडमिनची एन्ट्री वेगळी आहे, ती टाकल्यावर यादी बरीच आटली. हेडर फायनल मेलेलं निघालं, चालू आहे ते हेडर न्यू 😄 आता पब्लिक फोल्डरसाठी लॉग मागवलेत.