'पुट ऑफ' : ढकलणे की रद्द करणे?

प्रश्न : सर, कॉलेजच्या फळ्यावर 'द टेस्ट हॅज बीन पुट ऑफ' असं लिहिलंय. निम्मी पोरं म्हणतात रद्द झाली, निम्मी म्हणतात पुढे गेली. खरं काय ते सांगा की.

उत्तर : पुढे गेली. पुस्तकं मिटू नका. रद्द झाली असती तर 'कॉल्ड ऑफ' आलं असतं. दोन्हींत 'ऑफ' आहे, त्यामुळं घोटाळा होतो. 'पुट ऑफ'ला आपला 'पुढे ढकलणे' चपखल बसतो. आपल्या बेळगावात तर हे दोन भाषांत ऐकू येतं. कन्नड पेपरात 'मुंदूडिके' छापून येतं, त्यातला 'दूडु' म्हणजेही ढकलणंच. मला हे साम्य फार आवडतं. नवी तारीख दिलीच नसेल तर मी 'लांबणीवर टाकली' म्हणेन.

पण 'पुढे'चं इंग्रजी 'फॉरवर्ड' करू नका. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे ठरल्या दिवसाच्या आधी घेणं, आपण ज्याला 'प्रीपोन' म्हणतो ते. गल्लीतल्या एका व्याख्यानाच्या निरोपात मी हीच चूक केली होती. आठवडाभर पुढे गेलेल्या कार्यक्रमाला 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहिलं. धारवाडच्या पाहुण्यांनी काळजीनं फोन केला, 'इतक्या लवकर तयारी कशी होणार?' त्या दिवसापासून हा फरक मी प्रत्येक वर्गात सांगतो.

प्रश्न : मग 'ही पुट मी ऑफ'? माणसाला कुठं ढकलायचं?

उत्तर : माणसाला टोलवतात. उतारा आणायला कचेरीत गेलात आणि 'आज नको, सोमवारी या' ऐकून परत आलात, ते हे. दुसरा अर्थ मन उडण्याचा. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड', वासानं जेवणावरची इच्छाच गेली. इथं तारखेचा काही संबंध नाही.

आणि 'इट' मधेच घाला : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' चूक. पुढं क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' लावायचं : 'आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट'. दाताच्या डॉक्टरकडं जायची ही चालढकल. बघा, इथंही ढकल आलीच.

प्रश्न : कोर्टाच्या तारखेलाही 'पुट ऑफ' चालेल?

उत्तर : बोलताना चालेल, लिहिताना 'अ‍ॅडजर्न'. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची सुनावणी पुढे गेली की इंग्रजी पेपर हाच शब्द वापरतात. आमच्या घरी मात्र म्हातारी माणसं एवढंच विचारतात, 'परत तारीख पडली काय?'