मदत हवी आहे: भिरंडाच्या नर झाडावर मादीचं कलम बसेल का?

गोव्यातल्या सत्तरीत आमच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला बियांपासून वाढलेली भिरंडाची (कोकमाची) झाडं आहेत. वय दहाच्या पुढे, बुंधे मनगटाएवढे. फूल दरवर्षी भरपूर येतं, फळ मात्र एकाच झाडावर धरतं. बाकीच्यांची फुलं हातात घेऊन पाहिली: झुपक्याने येतात, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा गठ्ठा, खाली बीजांडकोशाचा पत्ता नाही. फळवाल्या झाडाच्या फुलात तो हिरवा गोळा स्पष्ट दिसतो. म्हणजे बाकी सगळे नर, यात शंका नाही. शेण, राख, पाणी सगळं घालून झालं. त्याने लिंग थोडंच बदलणार!

परागासाठी एक नर ठेवणार आहे. उरलेले तोडून ‘कोकण अमृता’ या कोकमाच्या जातीची कलमं लावा, असं लोक सुचवतात, पण मुळं जांभ्या दगडात छान रुजलीत, तोडायला जीव होत नाही. शिवाय नवी कलमं जगवायला उतारावर उन्हाळ्यात पाणी देता येत नाही.

बुंधा छाटून नव्या फुटव्यांवर मादीची काडी बांधायची म्हणतो. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड पसरट वाढतं हे माहीत आहे, पण फळवाल्या झाडावर उभे शेंडे फार थोडे आहेत. कुणी मोठ्या झाडावर हे केलंय का? छाटणी कुठल्या महिन्यात, किती उंचीवर? आणि आडवी काडी चालवून घेता येईल का?